काळा बॉल बाहेर का येत नव्हता: राजारामपुरीतल्या एका पूल टेबलाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजारामपुरी भागातल्या एका इमारतीच्या गच्चीवर पत्र्याचं शेड टाकून दोन मावसभावांनी पूल पार्लर सुरू केलं. ओळख पटू नये म्हणून गल्लीचा नंबर आणि नावं देत नाही. एकाला थोरला म्हणू, दुसऱ्याला धाकटा. थोरल्याचा पिंड कॅरमचा. गिऱ्हाइकांत त्याची ऊठबस मोठी. धाकटा हिशोबाचा पक्का, संध्याकाळी गल्ला तोच मोजायचा. भागीत सामान घेण्याचं काम धाकट्याकडे आणि माणसं सांभाळण्याचं थोरल्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली होती. ती या प्रकरणात पुढे आडवी येते.

टेबलं दोन होती. एक आठ फुटी, देशी बनावटीचं, पॉकेटाला जाळ्या असलेलं. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. जाळीत हात घालायचा, बॉल काढायचे, रॅक लावायचा, म्हणजे ते त्रिकोणात मांडायचे. दुसरं सात फुटी, मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेलं सेकंडहँड टेबल. ते मुळात नाणं टाकून खेळायचं होतं. अशा टेबलात पॉकेटात पडलेला बॉल आतल्या पन्हळीतून घरंगळत रॅकच्या बाजूच्या बंद कप्प्यात जातो आणि तिथं अडकून पडतो. नाणं घालून दांडा आत ढकलला की कप्प्याचं झाकण उघडतं, पंधरा बॉल बाहेर येतात आणि नवा गेम सुरू होतो. ज्याने बाकीचे बॉल मारायचे तो पांढरा मात्र खेळताना चुकून पॉकेटात गेला तर लगेच परत हवा, म्हणून त्याची वाट वेगळी केलेली असते.

वाट वेगळी करायच्या रूढ तऱ्हा दोन. पुलाचा साधा बॉल 57.15 मिलिमीटरचा. पहिल्या तऱ्हेत पांढरा मुद्दाम 60.3 मिलिमीटरचा घेतात. पन्हळीत एका ठिकाणी असा गाळा असतो की लहान बॉल त्यातून खाली उतरतो आणि मोठा वरूनच पुढे जातो. इंग्लंडातल्या छोट्या टेबलांवर हेच उलटं असतं, तिथं पांढराच इतरांपेक्षा लहान. दुसऱ्या तऱ्हेत पांढरा इतरांच्याच मापाचा, पण पोटात लोखंडी भाग असलेला. पन्हळीजवळचं चुंबक त्याला बाजूला ओढतं.

या टेबलाचं नाणं घालायचं यंत्र व्यापाऱ्यानेच काढून टाकलं होतं. कप्प्याचं झाकण तारेने बांधून कायमचं उघडं ठेवलं होतं. बॉल निवडणारा गाळा मात्र जागच्या जागी होता.

अडचण

पहिले काही महिने बरे गेले. मग दोन तक्रारी सुरू झाल्या आणि सगळ्यांनी त्या एकच समजल्या.

पहिली तक्रार पांढऱ्याची. टेबलासोबत आलेला पांढरा मोठ्या मापाचा होता. त्याच मटेरियलचा बॉल व्यासाने साडेपाच टक्के मोठा असला तर वजनाने सतरा-अठरा टक्के जड होतो. नियमित येणाऱ्या पोरांना ते लगेच कळलं. पांढरा समोरच्या बॉलला मारून मागे ओढायचा म्हटलं की तो येईचना. "ह्यो बॉल हाय का नारळ?" असं एकाने विचारल्यावर धाकट्याने चांगला नवा सेट आणला, सगळे सोळा बॉल एका मापाचे. खेळ सुधारला, पण पांढरा पॉकेटात गेला की आता तो इतरांच्या वाटेने जायचा. तिथं गाळ्याच्या तोंडाशी कधी इतर बॉलच्या मागे, कधी मधेच तिरका होऊन बसायचा.

दुसरी तक्रार काळ्याची, म्हणजे गेममध्ये सगळ्यांत शेवटी पाडायच्या बॉलची. गेम संपायचा, रॅक लावायला घेतला की चौदाच बॉल. नसायचा तो बहुतेक वेळा काळा. चार-पाच दिवस झाल्यावर काळाच खराब आहे असं ठरलं. कुणी म्हणालं वजनात फरक आहे, कुणी म्हणालं घासून खडबडीत झालाय. धाकट्याने दुसऱ्या सेटमधला काळा घालून पाहिला. तोही अडकला.

अडकलेला बॉल काढायच्या पोरांच्या युक्त्या दुखण्यापेक्षा वाईट होत्या. पॉकेटातून क्यू, म्हणजे खेळायची काठी, घालून ढोसायचं, त्यात दोन क्यूंची टोकं गेली. नाहीतर चौघांनी मिळून टेबलाची एक बाजू उचलायची आणि आपटायची. सात फुटी टेबलाची एकसंध स्लेटच, म्हणजे कापडाखालची दगडी लादी, शंभर किलोच्या वर जाते. ती आपटून जागची हलते, मग बॉल आपोआप एका कडेला वळायला लागतात. तसंच झालं.

आणि भांडणं. हरेल त्याने मिसळ द्यायची, अशा पैजेच्या गेममध्ये एकाने काळा पॉट केला. तो खाली आलाच नाही. समोरचा अडून बसला की जो बॉल ट्रेमध्ये, म्हणजे त्या उघड्या कप्प्यात, दिसत नाही तो पडलाच नाही. खरं तर यावर वाद व्हायला नको. जागतिक पूल-बिलियर्ड संघटनेच्या नियमांत स्पष्ट आहे: बॉल परत आणणाऱ्या यंत्रणेत शिरला की तो पडला. पुढे तो कुठं रुसून बसला याच्याशी गुणांचा संबंध नाही. पण त्या संध्याकाळी नियम कुणाकडे नव्हता, आवाज सगळ्यांकडे होता.

धाकट्याची काळजी वेगळी होती. टेबल तासावर द्यायचे आणि फ्रेमवरही, म्हणजे दर गेममागे, द्यायचे, ज्याला जे हवं ते. तासवाले म्हणायचे, "बॉल काढण्यात दहा मिनिटं गेली, ती धरू नगा." फ्रेमवाले म्हणायचे, "गेम पुरा झालाच न्हाई." दोन्हीकडून पैसे सुटत होते.

निदान

जूनच्या अखेरीला थोरल्याने मला बोलावलं. छोट्या धंद्यांची जागा, मांडणी, यंत्रं बघून देणं हे माझं काम. पूल टेबल हे त्यात नेहमीचं गिऱ्हाईक नव्हे, पण पन्हळ आणि उतार हा विषय ओळखीचा होता.

आधी टेबल न उघडता तपासलं. सहाही पॉकेटांत एकेक बॉल अगदी हलक्या हाताने सोडायचा, मागून दुसरा टाकायचा नाही, आणि तो ट्रेमध्ये येतो का बघायचं. रॅकच्या बाजूची दोन्ही पॉकेटं ठीक. मधली दोन रेंगाळत का होईना, पण आणून देत होती. ब्रेकच्या, म्हणजे गेमचा पहिला फटका मारतात त्या बाजूच्या उजव्या पॉकेटातून बॉल कधी यायचा, कधी नाही. डाव्यातून एकदाही आला नाही. त्याच डाव्या पॉकेटात बॉल जोरात मारला की खडखडत बाहेर.

इथं काळ्याचं कोडं सुटलं. गेम चालू असताना एक बॉल अडकला तरी मागून येणारा त्याला ढकलतो, आणि दोघेही पुढे सरकतात. काळा शेवटचा. त्याच्या मागून कुणीच येत नाही. शिवाय शेवटचा काळा माणूस जपून, हळू मारतो. कोणताही बॉल शेवटी टाकला असता तरी तोच अडकला असता. नेहमीची पोरं तर न कळत जोरात मारायला शिकली होती. चांगला हात असलेल्या एकाचा खेळ त्यापायी बिघडला होता, हे थोरल्याच्या लक्षात आलं होतं, कारण मात्र उमगलं नव्हतं.

मग पाणसळ ठेवली. स्लेटवर बुडबुडा बरोबर मधे. सगळे खूश. तीच पाणसळ खालच्या लाकडी चौकटीला लावली आणि बुडबुडा एका टोकाला पळाला.

कारण जमिनीत होतं. ही गच्ची; पाणी जावं म्हणून गच्चीला साधारण शंभराला एक असा उतार देतात. म्हणजे दोन मीटरला दोन सेंटिमीटर. पाण्याची मोरी टेबलाच्या ब्रेकच्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात. टेबल बसवायला आलेल्या माणसाने पायाचे गंजलेले स्क्रू सोडवण्याच्या नादी न लागता चौकट तशीच तिरकी ठेवली आणि स्लेटखाली प्लायच्या पट्ट्या घालून फक्त वरचा पृष्ठभाग सपाट केला. खेळायला टेबल एकदम सरळ. पण पन्हळ चौकटीला बांधलेली असते, स्लेटला नाही. तिचा मूळ उतार ब्रेककडून रॅककडे चारेक सेंटिमीटरचा, त्यातले दोन गच्चीने उलट बाजूने खाल्ले.

उरलेला उतार हिवाळ्यात पुरत होता. पावसाळ्यात पन्हळीचं प्लाय दमट हवेने फुगलं आणि दोन आधारांच्या मधे खाली झोळलं. त्यात खडूची निळी धूळ आणि कापडाचा बारीक भुसा दमट होऊन चिकटलेला. हलका सोडलेला बॉल त्या झोळात येऊन निवांत बसायचा.

पांढऱ्याच्या तक्रारीचा याच्याशी काही संबंध नव्हता. ती गाळ्याच्या मापाची गोष्ट. दोन्ही दुखणी वेगळी आहेत हे मान्य करून घ्यायलाच बराच वेळ गेला.

पर्याय

नवं टेबल घेणं पहिल्याच चहात बाद झालं. कर्ज फिटायचं होतं.

थोरल्याच्या मनात होतं की सगळी आतली भानगड काढून टाकावी, पॉकेटाची तोंडं खालून बंद करावीत आणि कातडी पिशव्या लावाव्यात. कोल्हापुरात कातड्याला तोटा नाही, शिवणारे हात तर दारात. ही कल्पना मला स्वतःला आवडली होती. ओळखीच्या एका चप्पल कारागिराला बोलावलं. त्याने पॉकेट बघितलं, बॉल हातात घेऊन जोखला आणि म्हणाला, "शिवून देतो, पर ह्या शेडात टिकायचं न्हाई. चप्पल तरी पावसात घालताय व्हय तुम्ही?" बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं पाणी धरतं आणि वाळलं की ताठरतं, पत्र्याखालच्या दमट हवेत दर वर्षी तोंडं आकसली असती. मग नायलॉनच्या जाळ्या सुचल्या. त्या टिकतात. पण जाळीत मोजकेच बॉल मावतात. एका कोपऱ्यात जास्त पडले की कुणीतरी उठून काढावे लागतात, नाहीतर पुढचा बॉल भरलेल्या जाळीवर आपटून परत टेबलावर येतो, आणि परत आलेला बॉल नियमाने पडलेला धरत नाहीत. दुसऱ्या टेबलावर हे होतच होतं. स्नूकरमध्ये रंगीत बॉल पुन्हा पुन्हा जागेवर ठेवायचे असतात, म्हणून ते पॉकेटापाशीच हाताशी लागतात ते सोयीचं. एट-बॉलमध्ये, म्हणजे काळा शेवटी पाडायच्या या खेळात, पडलेला बॉल सहसा परत येत नाही, तिथं सगळे एका जागी गोळा होणंच बरं.

धाकट्याचा विचार नेमका उलट दिशेचा. यंत्रणा दुरुस्त करायचीच तर पूर्ण करू, झाकण पुन्हा बंद होईल असं करू, नाण्याऐवजी टोकन ठेवू. म्हणजे गेम संपला की बॉल आत कुलूपबंद. तीन गेम खेळून दोन सांगणारी पोरं होतीच, आणि ती कोण हे दोघांनाही ठाऊक होतं. "टेबलच हिशोब ठेवंल, आपण बघायला नको," असं त्याचं म्हणणं. थोरला भडकला. आपल्याच पेठेतल्या पोरांना कुलूप लावायचं, हे त्याला सहन होईना.

माझ्या मते इथंच खरा निर्णय होता, बाकी सगळी सुतारकी. बॉल आत अडवून ठेवणारी यंत्रणा ही मुळात वसुलीची यंत्रणा आहे; माणूस न ठेवता गेम मोजायला ती केलेली. फ्रेमवर पैसे घ्यायचे असतील तर ती कामाची. तासावर घ्यायचे असतील तर तीच यंत्रणा वेळ खाते, आणि तो वेळ गिऱ्हाइकाचा असतो. दोघे भाऊ एकाच टेबलावर दोन्ही तऱ्हेने पैसे घेत होते आणि टेबल अर्धं एका कामाचं, अर्धं दुसऱ्या कामाचं राहिलं होतं. म्हणून मी म्हटलं, आधी आकारणी ठरवा, बॉलचं नंतर बघू.

धाकट्याच्या बाजूने एक खरा मुद्दा होता आणि तो मी मांडला: संध्याकाळी गर्दीत थोरला गप्पांत असतो, फ्रेम कोण मोजणार? उलट बाजूने दुसरा: कुलूप असलेल्या टेबलावर ब्रेकमध्येच काळा पडला तर तो काढून परत ठेवता येत नाही, आणि संघटनेच्या नियमांप्रमाणे खेळायचं तर ब्रेक करणाऱ्याला ती मुभा असते. स्पर्धेची तयारी करणारी चार पोरं होती, ती यावर नाराज झाली असती.

दोन दिवसांनी दोघांचं ठरलं: सात फुटी टेबल फक्त अर्ध्या तासाच्या हिशोबाने. झाकण उघडंच राहील.

काय केलं

हे ठरल्यावर पांढऱ्याचा प्रश्न जवळजवळ उरलाच नाही. तोवर धाकटा चुंबकाने ओढला जाणारा पांढरा कुठं मिळतो हे शोधत होता. तो महाग, शिवाय आपला गाळा मापावर चालणारा. त्यासाठी चुंबकाची जोडणी नव्याने करावी लागली असती. पण सगळेच बॉल उघड्या ट्रेमध्ये येत असतील तर पांढरा वेगळा करायचा कशाला? पंधरा रंगीत बॉलमध्ये पांढरा कुणालाही दिसतो. गाळ्यावर पत्र्याची पट्टी रिव्हेट मारून बसवली आणि दोन वाटांची एक वाट केली. खर्च सांगण्यासारखा नाही.

उताराचं काम उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने केलं. पायाचे गंजके स्क्रू काढून टाकले, प्रत्येक पायाखाली वेगळ्या जाडीची लोखंडी प्लेट दिली, पाणसळ चौकटीला लावून चौकटच सपाट केली. त्यानंतर स्लेटखालच्या प्लायच्या पट्ट्या काढल्या. स्लेट उचलायला सहा माणसं लागली. तालमीतून बोलावलेली पोरं एका चहावर तयार झाली, आणि ज्यांनी आधी टेबल आपटलं होतं त्यातलेच दोघे त्यांत होते.

पन्हळीसाठी 75 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा चिरून घेतला. दमट हवेचा त्याला फरक पडत नाही. आधार जवळजवळ दिले, म्हणजे मधे झोळ येणार नाही. आवाजावर मात्र खटका उडाला. पीव्हीसीत बॉल पळताना खडखडाट होतो आणि खालच्या मजल्यावर शिकवणी चालते. थोरल्याने टेबलाचं उतरवलेलं जुनं कापड सगळ्या पाइपात चिकटवायचं म्हटलं. करून बघितलं, कापडावर बॉलचा वेग इतका मरतो की मिळवलेला उतार पुन्हा गेल्यात जमा. शेवटी जिथं बॉल पॉकेटातून धपकन पडतो तिथं आणि वळणावर कापड, सरळ भागात उघडा पाइप, अशी तडजोड झाली.

शेवटची भर फॅब्रिकेशनवाल्याची. ब्रेकच्या बाजूला, डाव्या कोपऱ्याखाली त्याने बिजागरीचं छोटं दार केलं. "अडकायचं तर अडकू द्या, हात तरी पोचंल," एवढंच म्हणाला.

निष्पत्ती

हलक्या हाताने बॉल सोडायची परीक्षा पुन्हा घेतली, सहाही पॉकेटं पास. त्या पावसाळ्यात काळा अडकल्याचं एकदाही ऐकलं नाही. मिसळीच्या पैजा चालू आहेत. नियमाचा कागद भिंतीवर लावलाय.

धंद्याचं चित्र मात्र सरळ नाही. अर्ध्या तासाच्या आकारणीने संध्याकाळचे हिशोबाचे वाद मिटले. पण दुपारी कॉलेजची पोरं एखादी फ्रेम खेळून जायची, त्यांना अर्धा तास परवडेना. ती आठ फुटी टेबलाकडे वळली, जिथं अजून फ्रेमवर खेळता येतं आणि जिथं जाळी भरल्याची कटकट कायम आहे. धाकट्याच्या मते दुपारचं उत्पन्न घटलं. थोरल्याच्या मते ते आधीही तेवढंच होतं, फक्त कागदावर नव्हतं. दोघांपैकी कुणाकडे आधीच्या महिन्यांची नीट नोंद नाही, त्यामुळे मलाही निकाल देता येत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात मधल्या एका पॉकेटाखाली बॉल रेंगाळायला लागला. तिथला जोड जुन्या प्लायवरच टेकवलेला होता, तो फुगला. बिजागरीचं दार दुसऱ्या कोपऱ्यात असल्याने हात पोचला नाही, पॅनल खोलावं लागलं.

काय वेगळं करता आलं असतं

टेबल बसवताना पाणसळ दोन ठिकाणी लावायला हवी होती, स्लेटवर आणि चौकटीवर. गच्ची, गॅलरी, जुनं गोदाम अशा जागी तर नक्कीच. वरून सपाट दिसणारं टेबल आतून तिरकं असू शकतं, आणि बसवणाऱ्याचे पैसे देऊन झाल्यावर ते कळून उपयोग नसतो.

नवा बॉल सेट घेताना गाळ्याचं माप तपासलं असतं तर पांढऱ्याचं दुखणं सुरूच झालं नसतं. किंवा तेव्हाच गाळा बंद केला असता. सेकंडहँड टेबल घेताना विचारायचे प्रश्न थोडेच: पांढरा वेगळा कसा होतो, मापाने की चुंबकाने, झाकण चालतं का, आणि पन्हळ बघायला कुठून उघडतं.

काळा बदलून पाहण्याआधी साधी नोंद ठेवायला हवी होती: कोणत्या पॉकेटातला बॉल अडकला, जोरात मारलेला की हळू. आठवडाभर वहीत खुणा केल्या असत्या तर डावा कोपरा आपसूक दिसला असता. धाकटा गल्ल्याची पै-पै लिहितो. टेबलाची वही मात्र अजूनही नाही.

पाइप बदलताना सगळे जोड प्लायवरून उचलून लोखंडी पट्टीवर घ्यायला हवे होते. तेव्हा स्लेट उचललेलीच होती, अर्ध्या दिवसाचं काम. आता त्यासाठी पुन्हा सहा माणसं.

तिसरं टेबल घ्यायचं चाललंय. धाकट्याला ते टोकनचं हवंय, थोरल्याला जाळीचं. दुपारची पोरं फ्रेमवर खेळणार असतील तर या वेळी मी धाकट्याच्या बाजूने आहे, हे थोरल्याला सांगून झालंय.